दगड चाटणारे मेटमामा

मेटमामा दगड चाटत. खाणीत नव्या जागेत शिरलं की कपाळावरच्या दिव्याचा उजेड छतावर फिरवायचा, सबलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, छत ठोकून आवाज ऐकायचा, हे सगळेच मेट करायचे. मामा त्यापुढे जाऊन छताची एक ढलपी काढत, बाहीला पुसत आणि जिभेला लावत. कॉलनीतली पोरं त्यांना पाठीमागून 'दगडचाट्या' म्हणत. मामांना ते ठाऊक होतं. पोरांना काही बोलावं एवढी ताकद शिफ्ट संपल्यावर त्यांच्यात उरत नसे.

"कोरडा दगड जिभेले चिकटते, साहेब," ते मला म्हणाले होते. "त्याले तहान असते. जो चिकटत नाई, त्याचं पोट भरलं समजा. त्याच्याखाली उभं राहाचं नाई."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. चिखल्याच्या बाजूला एक लहानशी मँगनीजची खाण होती. आता ती बंद पडली आहे आणि तिचं नाव आठवायचं कुणाला काही कारणही नाही. मी नागपूरहून डिप्लोमा घेऊन तिथे नव्याने लागलो होतो. मेट म्हणजे दहाबारा मजुरांच्या टोळीचा प्रमुख. त्याने 'जागा ठीक' म्हटल्याशिवाय टोळीने आत जायचं नाही, असा रिवाज. पण मेटाच्या वर मी होतो, आणि माझ्या वर मॅनेजर. माझं वय चोवीस आणि मामांचं पन्नाशीपुढचं, तरी ते मला साहेब म्हणत आणि मी ते म्हणू देत असे.

मामा मूळचे सानगडीकडचे. घरचं धान, आणि धानाला पाणी देणारी गावची बोडी. बोडी म्हणजे पाळ घालून अडवलेलं छोटं तळं. दरवर्षी धानाच्या रोवणीला ते आठ दिवस रजा घेत आणि परत येताना माझ्यासाठी पिशवीतून लाखोळीची डाळ आणत. खाणीतलं अर्धं शहाणपण त्यांनी त्या पाळीवरूनच आणलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची एक सवय मला मुळीच आवडत नसे. छत ओलं दिसलं की ते तिथे वरच्या दगडात दोनतीन लांब भोकं मारून घेत. भोकांतून पाणी ठिबकायचं, ते मजुरांच्या मानेवर पडायचं, आणि मजूर मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "पाण्याले हाकलू नये साहेब. त्याले रस्ता द्या, मंग ते आपल्या वाटंनं जाते."

एका वर्षी पावसाळा सरता सरता दक्षिणेकडची गॅलरी, म्हणजे खाणीतला आडवा बोगदा, सारखी गळायला लागली. माल ओला वर येतो म्हणून मॅनेजर रोज माझ्या नावाने खडे फोडत. मी हुशारी केली. छताच्या भेगा सिमेंटने लिंपून घेतल्या आणि मामांच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकायला लावल्या. दोन दिवसांत गॅलरी खडखडीत कोरडी झाली. मजूर खूश, मॅनेजर खूश, आणि माझ्या फुशारकीला तर सीमाच नव्हती.

मामांनी ढलपी काढली, चाटली आणि थुंकली. "चिकटत नाई. पाणी गेलं नाई साहेब, कोंडलं. माह्या बापानं एकडाव पाळीचा झिरा भायेरून बुजवला होता. चार दिवस पाळ सुकी दिसली. पाचव्या दिवशी फुगली अन् बसली. भोकं खोला."

दगडाच्या अंगात बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांत कोंडलं की ते दगडाच्या कणांना आतून रेटतं. एकमेकांना घट्ट धरून बसलेले कण सैल पडतात, वरचं ओझं मात्र होतं तेवढंच राहतं. मग दगड वाकतो आणि एक दिवस फुटतो. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, बरे मार्क मिळवून. पण मामांना मी म्हणालो, "मामा, ही बोडी नाही, खाण आहे. शनिवारपर्यंतचा माल निघू द्या, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी टोळीला गॅलरीच्या तोंडाशीच थांबवलं आणि सबल घेऊन एकटे आत गेले. मी मागून ओरडत होतो. पहिली खुंटी निघाली तशी पाण्याची धार सरळ त्यांच्या छातीवर आली. दुसरी निघाली. तिसरीला हात घातला आणि छतात वाळका बांबू मोडावा तसा आवाज झाला. "मांगं सरा बे!" एवढं मामा ओरडले. छताचा मोठा थर खाली आला. टोळीतल्या अकरा जणांपैकी एकालाही खरचटलं नाही. रोजच्यासारखे ते आत असते तर त्यांतला एकही वाचला नसता. मामांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशीला सरकारी खाण खात्याचे साहेब आले ते थेट दवाखान्यातच. मी खाटेशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "भेगा बुजवायला कोणी सांगितलं?" माझी जीभ टाळूला चिकटली. मी बोलणार होतो, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण आधी मामा बोलले. "म्याच बुजवल्या, साहेब. पाणी मानेवर पडे म्हणून." साहेबांनी लिहून घेतलं, टोळीला विचारायची गरजही त्यांना वाटली नाही. मी गप्प राहिलो.

ते गेल्यावर मी विचारलं, "मामा, हे काहून केलं?"

"तुमची नौकरी कच्ची हाये. माहा पाय तं गेलाच." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मामांचं मेटाचं सर्टिफिकेट रद्द झालं आणि ते गावी गेले. माझी नोकरी पुढच्या वर्षी पक्की झाली.

पुढे पाचसहा वर्षांनी मी सानगडीला गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून गेलो होतो. मामा अंगणात कुबडी टेकून बसले होते, पार वाळले होते. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला, आणि त्या आनंदानेच मला कसंनुसं झालं.

"अजून सिमेंट लावता का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही मामा. आधी भोकं मारतो."

"मंग झालं."

तेवढ्यात त्यांचा मुलगा चहा घेऊन आला. चांगला जाणता, शेती सांभाळणारा माणूस. बापाच्या पायाकडे बघत मला म्हणाला, "बाबाच्याच हातून चूक झाली होती ना जी खाणीत? गावात समदे तेच म्हणतेत. अकरा माणसं मेली असती म्हणे याच्या पायी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "घ्या साहेब, थंडा होऊन राहिला."

मी चहा प्यालो, साखर बरोबर आहे म्हणालो आणि अड्याळवरून जाणारी गाडी गाठायची म्हणून उठलो.

पुढच्याच उन्हाळ्यात मामा वारले. मला कळलं तेव्हा तेरवीही होऊन गेली होती. त्यानंतर मी पुष्कळ खाणी पाहिल्या, पुष्कळांना भोकं मारायला शिकवलं आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली. आता निवृत्त झालो आहे, थकलो आहे, आणि हे ओझं आणखी वाहवत नाही. त्यांच्या मुलाला मी ओळखतो, पण त्याच्या दारात पुन्हा उभं राहायचं धैर्य मला झालेलं नाही. म्हणून इथेच लिहितो. बाबा रे, त्या भेगा मी बुजवायला लावल्या होत्या. तुझ्या वडिलांनी नको म्हटलं होतं.