न आलेल्यांची यादी

चाचा पंपाला हात लावण्याआधी माणसाला बोलायला लावत. कुणी खांद्यावरचा फवारणीचा पंप त्यांच्या दुकानाच्या पायरीवर आणून ठेवला आणि "चाचा, बंद पडला, पाहा बरं" म्हटलं, की ते पंपाकडे पाहतही नसत. समोरच्या लाकडी स्टुलाकडे बोट करत. "बस. कवा बंद पडला? काय फवारत होता? पाणी कुठलं, हिरीचं का नाल्याचं?" घाईतला माणूस चिडायचा. "अहो, उघडून पाहा ना, समजतेच." त्यावर चाचा म्हणत, "उघडल्यावर पंप दिसते. बिमारी तं तुह्या तोंडात हाय."

रिसोडच्या बाजारात पंपदुरुस्तीचं त्यांचं छोटंसं दुकान होतं. सगळे त्यांना पंपवाले चाचा म्हणत. मी तिथे गिऱ्हाईक म्हणून गेले नव्हते. वाशिमला एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. दोघादोघांनी मिळून एक चालता व्यवसाय महिनाभर जवळून पाहायचा, त्याची अडचण शोधायची आणि उपाय सुचवायचा, असा लाइव्ह प्रोजेक्ट आम्हाला होता. ज्यांचं काम चांगलं होईल त्यांना अमरावतीच्या 'केस' स्पर्धेत, म्हणजे खऱ्या धंद्यांच्या अभ्यासाच्या स्पर्धेत, ते मांडायला मिळणार होतं. मोटारसायकलचं शोरूम, कापडाचं मोठं दुकान, दालमिल ही सगळी ठिकाणं हुशार मुलांनी पहिल्याच तासाला वाटून घेतली. मी आणि माझी जोडीदार पूजा मागे राहिलो. पूजाच्या मामांनी चाचांचं नाव सुचवलं.

माझे बाबा अनसिंगला गवंडीकाम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी वहीत पाहत बसायचे. त्यामुळे अनोळखी दुकानात जाऊन प्रश्न विचारायचे, या विचाराने मी एसटीत सगळे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठ करत होते. चाचांनी आम्हाला आपादमस्तक पाहिलं, चहा मागवला आणि विचारलं, "मंग तुमी मले धंदा शिकवाले आल्या का?" मी घाबरून म्हटलं, "नाही चाचा, आम्ही शिकायला आलो." "मंग ठीक हाय. शिकवाले आल्या असत्या तं चहा तुमच्याकडून घेतला असता." त्या दिवसापासून ते मला 'मॅनेजर' म्हणू लागले. "काय मॅनेजर, जेवली का?" असं रस्त्याच्या पलीकडूनच ओरडून विचारायचे.

पहिला आठवडा आम्ही प्रश्नावली भरून घेण्यात घालवला. बारा प्रश्न होते. सेवा समाधानकारक आहे का, वागणूक कशी आहे, वगैरे. येणाऱ्या प्रत्येकाला स्टुलावर बसवून मी विचारत होते आणि प्रत्येक जण 'खूप चांगलं' सांगत होता. मी आनंदाने चाचांना तक्ता दाखवला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मॅनेजर, माह्या मांडीले मांडी लावून बसलेल्या माणसाले तू इचारते, चाचा कसा हाय? त्याचा पंप माह्या हातात, अन् तो मले खराब म्हणीन?"

पूजाही हसली.  मग चाचांनी माझ्या हातातला कागद उलटा केला आणि म्हणाले, "जो आला त्याले कायले इचारते? जो येत नाई त्याच्या घरी जा. लिही." त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची नोंद कुठेच नव्हती, पण डोळे मिटून त्यांनी अकरा नावं सांगितली. पूर्वी दरवर्षी येणारी आणि आता न येणारी. प्रत्येकाचं गाव, पंपाचा रंग, एवढंच काय, कुणाच्या पंपाचा पट्टा कोणत्या बाजूने शिवलेला होता तेही. इतक्या लोकांचं न येणं एखादा माणूस इतकं नीट लक्षात ठेवतो, याचं मला फार आश्चर्य वाटलं.

आम्ही ती अकरा घरं फिरलो. काहींनी चाचा दुरुस्त करत नसलेले बॅटरीचे पंप घेतले होते, दोघांनी शेती ठोक्याने, म्हणजे खंडाने, दिली होती, एकाचा मुलगाच आता दुरुस्ती करायचा. नववं घर देवराव काकांचं होतं. त्यांनी आधी इकडचं तिकडचं सांगितलं. मग पूजा पाणी प्यायला आत गेली तेव्हा हळूच बोलले.

चाचांची एक रीत होती. फवारणी थांबली की कीड थांबत नाही, म्हणून दुरुस्तीला पंप ठेवून घेतला की ते माणसाला स्वतःचा एक पंप वापरायला देत. त्यासाठी काहीच घेत नसत. तीन वर्षांपूर्वी असाच पंप देवराव काकांनी नेला. त्यांच्या आधी तो कुणीतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारायला नेला होता. टाकी साध्या पाण्याने विसळली होती, पण आत अंश राहिला. काकांनी त्यात कीटकनाशक भरून सोयाबीनवर फवारलं आणि चौथ्या दिवशी पानं आकसली. शेताचा एक पूर्ण पट्टा वाकडा होऊन बसला.

"तुम्ही चाचांना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"काय सांगाव बाई? फुकट देते बिचारा. त्याच्या भल्या मनाले काहून डाग लावाव? आपणच नाई गेलो मंग. तूही नको सांगू."

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलेजमध्ये निवड फेरी होती. आम्ही बॅटरी पंपाच्या दुरुस्तीचं प्रशिक्षण, दुकानावर पाटी, मोबाइलवर संदेश असे उपाय मांडले. सरांनी विचारलं, "अकरा जण गेले. त्यात सेवेत चूक झाली म्हणून कुणी गेलं का?" पूजाने माझ्याकडे पाहिलं. परतीच्या एसटीत मी तिला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "तसं काही आढळलं नाही, सर." सरांनी माझ्याकडून पूजाकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले. आमची निवड झाली. मला मात्र आनंद झाला नाही. पुस्तकातल्या केसमधला माणूस आपल्याला चहा विचारत नाही. त्याची चूक चार ओळींत लिहून आपण पान उलटतो. इथे ती चूक लिहायची, तर आधी ती चाचांना सांगायची होती, आणि सांगितल्यावर ते मला पुन्हा 'मॅनेजर' म्हणतील का, ही भीती मला वाटत होती. आणि न सांगावं, तर ते पंप रोज कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर शेतात जातच होते.

शेवटी एका सकाळी एकटीच रिसोडला गेले. चाचा नोझल साफ करत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी नोझल खाली ठेवलं आणि स्टुलाकडे बोट केलं. "बस. कोणता पंप होता? निळा का पांढरा? किती दिसांनं पान मुडपलं? पुरा पट्टा का अर्धा?" मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं.  लोकांना वापरायला द्यायचे चार पंप भिंतीला टेकून ठेवले होते, ते त्यांच्याकडे वळले.

"तुले कवा समजलं?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिस! अन् या पंधरा दिसात मी हे पंप सहा लोकाइले देल्ले, मॅनेजर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, तेव्हा म्हणाले, "रडू नको. तुले कायची सजा देऊ? देवरावनं तीन साल लपवलं, तू पंधरा दिस. दोघाइनं मले भला माणूस समजून मारलं."

शुक्रवारची नमाज झाल्यावर ते माझ्यासोबत देवराव काकांच्या गावी आले. काका ओशाळले. "जाऊ द्या चाचा, सोयाबीनच्या चार ओळीचं काय घेऊन बसले!" चाचांनी त्यांचा हात धरला. "जाऊ द्या कसं, देवराव? तुमी एक शब्द बोलले असते तं बाकीच्याचं वाचलं असतं. माफी द्या, अन् पुढं तोंड बंद ठेवू नका." दोघांनी नंतर एकाच ताटात भजी खाल्ली. कोण कुणाला समजावत होतं ते कळत नव्हतं. परत आल्यावर चाचांनी दोन पंपांना लाल रंग दिला. तणनाशकाला फक्त लाल पंप. बाकीच्या दोनांतही अंश असेल म्हणून ते त्यांनी मोडीत काढले आणि कीटकनाशकासाठी नवे आणले.

स्पर्धेच्या आधी मी त्यांना विचारलं, "हे तिथे सांगू का? नाव बदलून?" ते म्हणाले, "बदलू नको. नाव बदललं तं लोकाइले बनावट वाटीन. सांगजो, रिसोडच्या पंपवाल्या चाचानं गलती केली."

अमरावतीला आमचा तिसरा नंबर आला. एका परीक्षकांना रंगाचा डबा हा उपाय फार छोटा वाटला. कदाचित असेलही. पण मी तिथे बारा मिनिटं बोलले आणि एकदाही वहीत पाहिलं नाही. सरांना मी आधीच खरं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मला त्या दिवशीच कळलं होतं. तुला कधी कळतं याची वाट पाहत होतो." वर्गात आम्ही ग्राहक टिकवण्याचे पुष्कळ सिद्धांत शिकलो, परीक्षेत लिहिलेही. मात्र जाणारा माणूस बहुतेक वेळा भांडून जात नाही, तो समोरच्याचा मान राखून गुपचूप निघून जातो, हे मला या एका महिन्याने शिकवलं. हा प्रोजेक्ट मिळाला नसता तर मी आजही बारा प्रश्नांची प्रश्नावली घेऊन खूश असते.

यंदा मला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. पेढे घेऊन दुकानात गेले तेव्हा चाचा एका पंपात वायसर, म्हणजे रबरी वॉशर, बसवत होते. तो तीनदा हातातून निसटला. त्यांच्या मुलाने अकोल्याला राहायला बोलावलं होतं आणि ते दोन वर्षांपासून टाळत होते.

"पोरगा म्हणते अब्बा, तुमचा हात कापते. इथं सगळे म्हणतात, नाई चाचा, कुठं कापते?" ते म्हणाले. मग हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, मॅनेजर. कापते का?"

बाहेर एक जीप रिव्हर्स घेत होती. तिचा आवाज थांबेपर्यंत मी थांबले.

"हो चाचा. कापतो."

त्यांनी मान डोलावली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी बसायला सांगितल्यासारखे ते मागे टेकले. मग तो वायसर माझ्या तळहातावर ठेवला.

"मंग हा तू बसव. मी सांगतो कसा."

मी बसवला. उलटा बसला असावा, कारण त्यांनी तो काढला आणि पुन्हा माझ्या हातात दिला.