लेडीजनं वापरलेली गाडी

"लेडीजनं वापरल्याली गाडी हाय म्हणल्यावर दमानंच चालली असंल," अहमदपूरहून गाडी बघायला आलेले आडत दुकानदार बॉनेटवर हात फिरवत बाबांना म्हणाले. मी चहाचा ट्रे धरून आत्याच्या लातूरच्या घराच्या दारात उभी होते, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला हसू फुटलं. अर्थात आतल्या आत. माझं काहीच सहसा बाहेर येत नाही. सुमनआत्या हृदयविकारानं अचानक गेली. काही आठवड्यांनी बाबा तिचं सामान आवरायला नांदेडहून आले होते, आणि गाडी विकायची एवढं ठरून गेलं होतं.

दमानं... आत्यानं दमानं केलेली एकच गोष्ट मला आठवते, फळ्यावर आकृती काढणं. ती क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. अकरावीला मला तिच्याकडे आणून सोडलं, तेव्हा तिच्या गल्लीत प्रत्येक घराच्या वरच्या खोलीत मुलं भाड्यानं राहत होती आणि निम्म्या स्वयंपाकघरांची मेस झाली होती. मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलताना अडखळायची, म्हणून बोलायचीच नाही. शेजारच्या मेसवाल्या काकू मला "मॅडमची मुकी भाची" म्हणत. आत्या त्यांना सांगायची, "मुकी न्हाई हो, आवाज जपून ठेवलाय तिनं."

गाडी चालवायला ती शिकली भूकंपाच्या साली. मदतीचं धान्य नेणाऱ्या जीपचा ड्रायव्हर तापानं पडला, आणि कॉलेजातली ही मुलगी सरळ स्टेअरिंगवर जाऊन बसली. एरवी आजोबांनी बसू दिलं नसतं. पण त्या आठवड्यात कुणी कुणाला परवानगी विचारत नव्हतं. "पहिला गिअर टाकला की जीप रडायची आणि दुसरा टाकला की मी," असं ती सांगायची. त्या दिवसांतलं बाकी काही ती फारसं बोलली नाही. स्टेअरिंग मात्र तिनं पुन्हा सोडलं नाही.

पुढं चाळिशी ओलांडल्यावर तिनं आपल्या साध्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवून घेतला. नांदेडच्या रऊफभाईंनी बसवला, तोही हात जोडून. "मॅडम, इंजिन फट्या तो मेरेकू नक्को बोलना." टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तो धुराच्याच जोरावर फिरतो. गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला या नव्या पाहुण्याचा पत्ताच नसतो. तो बिचारा जुन्या हिशोबानं पेट्रोल देत राहतो. म्हणून आत्यानं डॅशबोर्डखाली एक छोटा काळा डबा जोडला होता. सेन्सरकडून कॉम्प्युटरकडं जाणारा निरोप तो मधेच अडवायचा आणि थोडा बदलून पुढं धाडायचा, म्हणजे पेट्रोल वाढायचं आणि ठिणगी जराशी उशिरा पडायची. "मुख्याध्यापक तेच ठेवायचे," आत्या म्हणायची, "फक्त आपला शिपाई चांगला पाहिजे."

पण डब्याला सगळं शिकवावं लागतं, आणि त्याला दोन माणसं लागतात. दर रविवारी सकाळी आम्ही एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आतल्या रस्त्यावर जायचो. कारखाना तिच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या ताब्यात होता. पूर्वी उसाचे ट्रॅक्टर जिथं रांगेत उभे राहत, त्या सरळ रस्त्यावर आत्या गाडी दामटायची आणि मी शेजारी बसून खिडकीजवळच्या गोल मीटरवरचा आकडा वाचायची. एक भाग पेट्रोलला किती भाग हवा मिळतेय ते त्यावर दिसायचं. पूर्ण जोरात आकडा बाराच्या खाली राहिला की ठीक. वर चढू लागला की पेट्रोल कमी पडतंय, लगेच पाय उचलायचा. नाहीतर पिस्टन वितळायचा.

पहिल्या दिवशी मी पुटपुटले. टर्बोच्या शिट्टीत ते विरून गेलं.

"काय म्हणलीस?"

"ट्वेल्व्ह पॉइंट..."

"मोठ्यानं वाच की गं! माझे डोळे रस्त्यावर हायेत, तुझ्या तोंडाकडं बघू का?"

"इंग्लिशमध्ये चालेल?"

"इंजिनाला काय, कानडीत वाच. पण ओरडून वाच!"

मी ओरडले. बाभळीवरचे बगळे उडाले. आत्यानं पाय उचलला, गाडी थांबवली, लॅपटॉप बॉनेटवर उघडून डब्यातला एक आकडा बदलला आणि म्हणाली, "बघ, तू बोललीस म्हणून इंजिन वाचलं." मग आम्ही जेवणाच्या डब्यातली सुशीला खाल्ली... भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, मिरची जास्त झालेली.

घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा बाबा तीच गाडी घेऊन माहूरला गेले, तर पाच माणसं भरलेली गाडी घाट सरसर चढली. "अक्के, देवीनंच ओढून नेली गं वर!" बाबांचे डोळे भरून आले होते. आत्यानं गंभीर चेहऱ्यानं प्रसाद खाल्ला. तो गोल मीटर बाबांना बंद पडलेलं घड्याळ वाटायचा. साधी चालवताना आकडा चौदाच्या आसपास असतो, त्यामुळं त्यांच्या हिशोबानं गाडीत कायम दुपारचे दोन वाजलेले असत.

गाडी तिनं मलाही शिकवली, पण डबा चालू असताना कधी दिली नाही. "येत्या रविवारी तू चालव, मी वाचते," असं ती म्हणाली होती. तो रविवार आलाच नाही.

"हे काय, टेपचं हाय का?" दुकानदार डॅशबोर्डखाली वाकून विचारत होते. "आमचा वायरमन तारा कापून काढून टाकंल."

"टाका की," बाबा म्हणाले.

टर्बो तसाच ठेवून डबा काढला, तर इंजिन जळायला अहमदपूरपर्यंतही जावं लागलं नसतं.

"कापू नका!"

सगळे दाराकडं बघायला लागले. ट्रेमधला चहा बशीत सांडला होता. मग मी सांगितलं... टर्बो, डबा, कारखाना, सगळं. अडखळत, निम्मं इंग्रजीत, पण मोठ्यानं. दुकानदारांनी चहा संपवला आणि हसत म्हणाले, "साहेब, ही गाडी आपल्याला झेपायची न्हाई. पोरीलाच ठिवा." आणि चपला घालून निघाले.

बाबांनी डॅशबोर्डखाली वाकून तो डबा बघितला. "म्हणजे माहूरला..." एवढंच म्हणाले, आणि खो खो हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मी किल्ली घेतली. सीट आत्याच्या मापाचीच होती. मी ती पुढं ओढली नाही. कारखान्याच्या फाटकातून आत वळले, तेव्हा बाबा शेजारी पट्टा घट्ट धरून बसले होते आणि समोरचा रस्ता मोकळा होता.

"बाबा, ते घड्याळ नाहीये," मी म्हणाले. "त्यातला आकडा वाचत राहा. मोठ्यानं."