दीपमालाने केलेली पहिली कवळी

दीपमालाच्या घरी मेंढरं. वडील बजरंग मेंढराचा ओठ वर करून दोनदाती की चारदाती ते बघतात आणि वय सांगतात. दीपमाला संभाजीनगरला डेंटल मेकॅनिकच्या कोर्सला लागली, तेव्हा औंढ्याच्या बाजारात त्यांना कुणीतरी विचारलं, पोरगी काय शिकून राहिली? ते म्हणाले, "दात. आमी मोजतो, ती करती." कवळी बनवायचंही शिक्षण असतं हे गावात कुणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटलं ती दातांची डॉक्टर होणार. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी दुखरी दाढ तिच्यासाठी राखून ठेवली होती.

कोर्समध्ये तिचा हात चांगला बसला. प्लास्टरच्या साच्यावर मेणाची कड बांधायची, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक शिजवायचं. दात रोवताना ती जेवण विसरायची. पण कोर्स संपवून शहरातल्या लॅबमध्ये काम मागायला गेली, तर तिथं मेण नव्हतंच. संगणकावर दात आखत होते आणि यंत्र ते कापून देत होतं. हे येतं का, असं तिला विचारलं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. जाईल तिथं हाच प्रश्न आला, तेव्हा ती गावी परतली.

वसमतच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मात्र तिचं ऐकून घेतलं. ते कवळीची मापं कुरियरने शहरात पाठवायचे. दवाखान्यामागची एक खोली रिकामी होती. ते म्हणाले, एक कवळी करून दाखव. नीट बसली तर ही खोली तुझी आणि माझं सगळं काम तुझं. नाही बसली तर चाललंय तसं चालू दे. घरी स्थळं येत होती. बजरंगनी ती एका कवळीपुरती थांबवली.

पेशंट तिच्याच गावची निघाली, कौशल्याबाई. तोंडात एकही दात नाही, भाकरी कालवणात भिजवून गिळायची. नवरा वारलेला, म्हणून तिला घेऊन आले ते तिचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ सटवाजी. गावात भांडण मिटवायला बोलावतात ते हेच. टोपी सावरून ते खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले.

चावा घ्यायचं काम डॉक्टरांनी दीपमालावर सोपवलं. बाई माणूस आहे, तुझ्यासमोर मोकळी बसेल, असं म्हणून ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. तोंड मिटलं की दोन्ही जबडे एकमेकांवर कुठं येतात, त्याचं मेणावर घेतलेलं माप म्हणजे चावा. सगळी कवळी त्यावर उभी असते. त्यासाठी मान सरळ हवी. मान खाली गेली की खालचा जबडा पुढं सरकतो.

कौशल्याबाई भायासमोर कधी तोंड उघडून बसली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला आणि हनुवटी गळ्याला टेकवली.

"मावशी, मान वर करा जरा," दीपमाला हळूच म्हणाली.

"व्हय," म्हणत कौशल्याबाईनं मान आणखी खाली घातली. मग पदराआडून पुटपुटली, "भाऊजी हायेत की."

सटवाजींना बाहेर बसा म्हणायचं होतं, एवढंच. वाक्य दीपमालाच्या जिभेवर आलंही होतं. पण तिचे वडील ज्यांच्या बरोबरीनं पारावर बसत नाहीत, त्यांना ती उठा कसं म्हणणार? त्यात सटवाजींनीच विचारलं, झालं का पोरी, बस निघंल. तिनं मेण मऊ केलं आणि पदराखाली हात घालून माप घेतलं.

मेणातले दात घालून बघायच्या दिवशीही सटवाजी त्याच स्टुलावर होते. कौशल्याबाई खाली बघत म्हणाली, बराबर हाय. डॉक्टरांनी दारातून डोकावून दातांचा रंग तेवढा पाहिला.

कवळी दिसायला सुरेख झाली. गावातल्या बायका बघायला आल्या, आणि एकीनं आता दुसरं लगीन लावू का म्हणून कौशल्याबाईला छेडलंसुद्धा. पण भाकरीचा घास चावला की वरची कवळी सुटून जिभेवर पडायची. सटवाजी तिला परत घेऊन आले. डॉक्टरांनी स्वतः तिचं डोकं खुर्चीला टेकवलं आणि मिटा म्हणाले. खालचे दात मागं गेले. दाढांवर दाढा आल्या नाहीत.

"चावा पुढं घेतलास," डॉक्टर म्हणाले. "मान खाली होती का त्यांची?"

दीपमालानं सटवाजींकडं पाहिलं. ते ऐकत होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर सटवाजींच्या तोंडावर, कौशल्याबाईच्या देखत द्यावं लागलं असतं.

"माझं चुकलं, सर," ती म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. तसंही तोंडाचं माप थेट संगणकावर घेणारा स्कॅनर घ्यायचं चाललंय, म्हणाले. दवाखान्यात नंबर लावायला कुणीतरी हवं होतं, ती जागा त्यांनी तिला दिली. जाताना सटवाजी कौशल्याबाईला म्हणाले, झालं एकदा, या वयात दात काहून पाह्यजेत. घरी स्थळं पुन्हा सुरू झाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कौशल्याबाई दवाखान्यात एकटीच आली. पदर खांद्यावर, मान ताठ. कवळी रुमालात गुंडाळून कमरेला खोचलेली.

"आता घे माप," ती म्हणाली. "आता कुनी न्हाई."

दीपमालानं तिला बाकावर बसवलं आणि हनुवटीला बोट लावलं. कौशल्याबाईनं रिकाम्या हिरड्या मिटल्या. जबडा जिथं जायला हवा तिथंच गेला. पुन्हा मिटायला लावलं, तरी तिथंच.

पण हाताशी मेण नव्हतं. मागच्या खोलीत स्कॅनरची खोकी येऊन पडली होती. दीपमाला विचारायला आत गेली. डॉक्टर म्हणाले, आता नवीन करायची तर शहरातूनच होईल, घरच्या मोठ्या माणसाला घेऊन यायला सांग.

"काय म्हनले?" कौशल्याबाईनं विचारलं.

"सटवाजी तात्यांना घेऊन या म्हणाले."

कौशल्याबाईनं कमरेचा रुमाल चाचपला. मग डोक्यावर पदर घेतला आणि बसस्टँडकडं निघाली. दीपमालानं पुढच्या नंबरला हाक मारली.