एजन्सीची सिस्टर चाकणला

गडहिंग्लजहून सुटलेली एसटी रावेतला पोचली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. जिकडे बघावं तिकडे उंच इमारती, त्यातल्या निम्म्या अजून अर्ध्याच. मी नर्स आहे, पण माझं असं हॉस्पिटल नाही. एजन्सीचा फोन येईल तिकडे जायचं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. या खेपेला चाकणच्या एका कारखान्यातला दवाखाना सांभाळायचा होता, तिथली कायमची सिस्टर रजेवरून येईपर्यंत.

मुक्काम मोशीत. घरमालकीणबाईंनी गरम पिठलं-भाकरी वाढली. "आमच्या येळंला हितं समदी ज्वारी व्हती," त्या म्हणाल्या. "आता खिडकीतनं शेजाऱ्याची वाळत घातल्याली कापडं दिसत्यात!"

गुरुवारी मी कडक इस्त्रीत कंपनीच्या बसची वाट बघत उभी. चहावाल्याला दया आली. "ताई, आज सुट्टी. आपल्याकडं गुरुवार म्हणजेच रविवार." एजन्सीने बाकी सगळं सांगितलं होतं, एवढंच राहिलं होतं.

कारखान्यात गळ्यातल्या फितीवरून माणूस ओळखतात. निळी कायमच्यांची, हिरवी कंत्राटी. माझीही हिरवीच. चक्कर आली म्हणून वंदना दवाखान्यात आली, तीही हिरव्या फितीची. परभणीची ही बाई लाइनवर दिवसभर उभी राहून वायरी जोडायची. मी तिचा रक्तदाब बघत होते आणि ती माझी फीत.

"तुमी बी एजन्सीच्याच?"

"हो गं."

"मग सांगते. मला दिवस गेलेत. कुणाला सांगू नका, मॅडम. कळलं की ब्रेक देतेत, काम बी बंद अन् पगार बी. ह्यांचं बी काम सुटलंय."

पुढच्या गुरुवारी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बाळ छान होतं, पण दिवसभर उभं राहणं बंद करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सांगायला काय जातं!

वंदनाच्या लाइनीत बसून करायचं काम एकच, तपासणीच्या टेबलाचं. तिथे रोज एकीचा नंबर, आणि त्या दिवसाची प्रत्येकजण वाट बघायची. वंदनाला चक्कर येते, एवढंच सांगून मी सुपरवायझरकडे ते काम मागितलं.

"एकीला दिलं की सगळ्या मागतील, मॅडम. नंबर म्हणजे नंबर."

मला भयंकर राग आला. पण खरं कारण सांगायची सोय नव्हती.

कायमची सिस्टर परतली तशी मी निघाले. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला लाइनवर गेले, तर वंदना टेबलाशी बसलेली.

"आज हिचा नंबर?" मी शेजारच्या मावशींना विचारलं.

"व्हय."

"आणि उद्या?"

"उंद्याबी हिचाच. आमी समद्यांनी आपापला दिलाय तिला."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

मावशींनी हातातली वायर खोचली. "सांगाया कशाला पायजे? आमाला काय लेकरं न्हाईत व्हय?"

परतीच्या एसटीत मला आधी हसू आलं, मग रडू. जे गुपित मी जिवापाड जपत होते, ते अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं. एवढ्या गावांत कामं केली, पण कायमचं राहावंसं वाटलं ते फक्त त्या दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांमध्ये.