सोर्सबाई आणि बागेतला डबा

आमच्या सोर्सबाईंसमोर ‘मिळत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. पलूसजवळच्या आमच्या कॉलेजात त्या कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायच्या. कुणी बापडा तक्रार घेऊन गेला की चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “मिळत नाही, की देत नाहीत? मिळत नसेल तर शोधू. देत नसतील तर भांडू.” शोधण्यापेक्षा भांडण्याची वेळ जास्त यायची, आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटायचं नाही.

सोर्सबाई हे नाव पोरांनीच पाडलेलं. कर्नेल म्हणजे यंत्र चालवणारा गाभ्यातला प्रोग्राम, आणि सोर्स म्हणजे तो माणसाला वाचता, बदलता येईल असा मूळ मजकूर, हे त्या पहिल्याच तासाला सांगत. “लिनक्सचं कर्नेल कुणाच्या बापाची जहागीर नाही. ते घालून यंत्र विकलंत, तर विकत घेणाऱ्यानं मागितल्यावर सोर्स द्यावाच लागतो. ती अटच आहे.” हे बोलताना त्यांचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा.

आमच्या द्राक्षबागेत एका कंपनीचा, लिनक्सवर चालणारा असाच एक डबा होता. हवेतला दमटपणा मोजून तो छोट्या पडद्यावर दाखवायचा, आणि त्यावरून दावण्या रोगाची फवारणी कधी करायची ते वडील ठरवायचे. ऐन छाटणीनंतर त्याचा सेन्सर गेला. कंपनी म्हणाली, ते मॉडेल बंद झालं, नवा डबा घ्या. सांगलीच्या बाजारात दुसरा चांगला सेन्सर मिळाला, पण डब्यातलं कर्नेल त्याला ओळखेना. वर ढग, वेलींना कोवळी फूट, आणि वडील अंदाजानं औषध मारतायत. एक सेन्सर गेला म्हणून सगळा डबा फेकायचा, हा कुठला न्याय?

तिरीमिरीत मी इंटरनेटवरचा सगळ्यात नवा सोर्स उतरवून घेतला, त्याचं कर्नेल बनवलं आणि डब्यात घातलं. पडदा काळा ठिक्कर! डबा घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी डब्यात राखून ठेवलेली जुन्या कर्नेलची प्रत परत बसवली आणि मग माझी हजेरी घेतली. “अरे, दारात पाहुणा आला तर आधी विचारतोस ना, कुठल्या गावचे? डब्याला विचारलंस?” त्यांनी एक लहानशी आज्ञा दिली आणि कर्नेलची आवृत्ती समोर आली. “हे याचं गाव. आता ह्याच आवृत्तीचा सोर्स हवा, तोही कंपनीनं केलेल्या बदलांसकट.”

वडिलांच्या नावानं सोर्स मागितला, तर कंपनीनं कळवलं, ते आमचं गुपित आहे. बाई लालबुंद झाल्या. “लोकांनी फुकट वाटलेल्या पिठाची भाकरी थापली, आणि आता म्हणे पीठ आमचं!” पुन्हा मागितल्यावर एक गठ्ठा आला. बाईंनी तो मूळ सोर्सशी ताडून पाहिला, तर एका ओळीचाही फरक नाही. कंपनीचे बदल त्यातून वगळलेले. “रस ठेवून घेतला आणि चिपाडं पाठवली,” म्हणत त्यांनी वडिलांसमोरच कंपनीच्या साहेबाला फोन लावला. साहेब हसून म्हणाला, शेतकऱ्याला सोर्स कशाला हवाय?

वडिलांनी फोन ओढून घेतला. “आवं साहेब, त्याचं लोणचं घालीन न्हाईतर चाटून खाईन. डबा म्या इकत घेतलाय न्हवं?”

साहेबानं मग प्राचार्यांचा कान धरला. कंपनी आमच्या पोरांना नोकऱ्या देते, ही भीती होतीच. प्राचार्य बाईंना म्हणाले, “जरा दमानं घ्या.” बाई म्हणाल्या, “मी दमानं घेतलं तर दावण्या दमानं घेणार आहे का?” त्याच दुपारी त्यांनी सगळी हकिगत इंटरनेटवर जगभरचे कर्नेल लिहिणारे जमतात त्या ठिकाणी मांडली. तिथून चार खरमरीत प्रश्न गेल्यावर कंपनीला अचानक खरा सोर्स सापडला! बाईंनी त्यात नव्या सेन्सरची सोय केली आणि बांधावर उभ्या राहून स्वतः डबा चालू केला. “बाई, बोलाया लागला की ह्यो!” वडील ओरडले. फवारण्या वेळेवर झाल्या आणि बाग वाचली.

वर्ष संपलं तेव्हा बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. निरोपाला शाल-नारळ दिला, आणि प्राचार्यांनी धडधडीत खोटं सांगितलं की बाई वैयक्तिक कारणानं जात आहेत. पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या दारावर फलक लागला: ‘शेतकऱ्यांसाठी कॉलेज आणि कंपनीचा संयुक्त उपक्रम’. प्राचार्यांचा फोटो, साहेबाचा फोटो. बाईंचं नाव औषधालासुद्धा नाही! अजून तो फलक दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाई साताऱ्याला गेल्या, तिथं शिकवण्या घेतात. मी फोनवर फलकाबद्दल चडफडलो, तर म्हणाल्या, “फलक जाऊ दे खड्ड्यात. बाकीच्या बागांतल्या डब्यांचं काय केलंस?” मी निमूटपणे कामाला लागलो. बाईंनी तयार केलेलंच कर्नेल आता आसपासच्या बऱ्याच डब्यांत आहे.

परवा बागेतली वीज जाऊन आली. डबा नव्यानं सुरू झाला, पडद्यावर इंग्रजी अक्षरं भराभर सरकली.

“पयल्यांदा ह्ये काय येतंय रं?” वडिलांनी विचारलं.

“कर्नेल ज्यानं तयार केलं, त्याचं नाव सुरुवातीलाच येतं. हे बाईंचं आहे. सुनंदा.”

“सगळ्या डब्यांत येतंय?”

“सगळ्या.”

वडील कॉलेजच्या दिशेला हात करून म्हणाले, “आता ह्ये नाव पुसा म्हणावं.”