पानकातलं मीठ

तार आली तेव्हा मी आत्याबाईंना खरमरीत पत्र लिहीत बसले होते. आदल्याच दिवशी त्यांचं तंजावरहून कार्ड आलं होतं. प्रवासात मी बांधून दिलेली सुंठ किडकी निघाली, सांगलीच्या माणसांना सुंठ पारखता येत नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झालं, बाकी सर्व क्षेम, असा मजकूर. सुंठ मांबलमच्याच दुकानातली, आणि ती निवडली होती त्यांनी स्वतः! हे मी नुकतं लिहून काढलं होतं, आणि पुढे आणखी दोन टोमणे तयार होते, तेवढ्यात तारवाला दारात उभा राहिला. सकाळची कॉफी घेऊन आत्याबाई झोपाळ्यावर बसल्या आणि बसल्या बसल्याच गेल्या, एवढंच कळलं. हे त्याच दिवशी तंजावरला निघाले. धाकटीच्या अंगावर गोवर होता, म्हणून मी इथेच राहिले. ते अर्धं पत्र हातातच राहिलं... कुणावर रागवायचं हेच कळेना.

तुळजाबाई त्यांचं नाव. यांच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा विधवा आत्याबाईंनीच यांना वाढवलं. त्यामुळे मला सासू म्हणून जी काही लाभली ती हीच. दोनतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यातल्या त्या. बोलायच्या मराठीच, पण चाल तमिळ, आणि मधूनमधून ‘सेरी’ आणि ‘पोदुम’. सेरी म्हणजे बरं, पोदुम म्हणजे पुरे. त्यांच्या तोंडी पोदुम जास्त. लग्न होऊन मी सांगलीहून मद्रासला, वेस्ट मांबलमच्या या घरात आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, आपण मराठी विसरलो की काय! त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, सूनबाई म्हटलं नाही. ‘ए सांगलीची, इकडे ये.’ बस्स. बारा वर्षं मी सांगलीचीच राहिले. माझ्या हातचं काही आवडलं तर पान स्वच्छ व्हायचं, तोंडातून शब्द यायचा नाही. या घरानं आपल्याला आपलं म्हटलंय की नुसतं ठेवून घेतलंय, हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हते आणि मनातून काढूही शकत नव्हते.

आता पानकाचं सांगते. आपल्याकडे रामनवमीला सुंठवडा वाटतात, तसं तिकडे पानक वाटतात. गूळ पाण्यात भिजवून विरघळवायचा, फडक्यानं गाळायचा, त्यात सुंठ, वेलची, लिंबाचा रस, चार तुळशीची पानं, आणि खायच्या कापराचा अगदी कण. चैत्रात मद्रासचं ऊन असं असतं की स्टेशनवरून घरापर्यंत आलेला माणूस ओळखू येत नाही. असा माणूस पेलाभर पानक पितो, दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग भांडायला तयार होतो. यांचं रोजचं असंच होतं. आत्याबाई स्वतः दिवसातून चारदा कॉफी प्यायच्या, पण कुणी शक्ती येण्यासाठी दुकानातून डब्यातली पावडर आणली की म्हणायच्या, ‘अय्यो, गुळाला काय झालं?’

पण रामनवमीचं पानक वेगळं. ते आधी देवाचं, मग वाटायचं, त्यामुळे दाखवल्याशिवाय कुणी चाखायचं नाही. थेंबसुद्धा नाही. सगळं वासावर आणि नजरेवर. शिवाय पाणी सोवळ्यात, ओल्या लुगड्यानं, स्वतःच्या हातानं काढायचं. माझ्या पहिल्या रामनवमीला आत्याबाईंची पाठ धरली आणि ते काम माझ्याकडे आलं. ‘सोवळ्यात पाणी काढ, गूळ भिजव,’ एवढंच त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं. कुठून काढ हे नाही सांगितलं, कारण ते या घरात सगळ्यांना ठाऊकच. आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी मचूळ, उन्हाळ्यात तर चक्क खारट, ते धुण्याआंघोळीला. प्यायचं पाणी कोपऱ्यावरच्या घरच्या विहिरीवरून यायचं. हे मलाही माहीत होतं. पण ओल्या लुगड्यानं रस्त्यावरून कशी जाणार? सोवळ्याचं पाणी म्हणजे घरच्याच विहिरीचं असणार, असं मी माझ्या अकलेनं ठरवलं. आत्याबाई दरवर्षी पहाटे, गल्ली उठायच्या आत, तशाच ओलेत्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायच्या, हे मला कोण सांगणार! मी आमच्याच विहिरीचं पाणी शेंदलं, कल्हईचं मोठं पातेलं भरलं, आणि वास इतका सुंदर सुटला की मीच माझ्यावर खूश झाले.

दुपारी राम जन्मला, नैवेद्य झाला. आत्याबाई पाठ धरून धरून बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. फाटकाशी माणसांची रांग लागली होती. पहिला पेला शेजारच्या पेन्शनर मास्तरांना द्यायचा मान. हे मास्तर तोंडाचे फटकळ. त्यांनी घोट घेतला, डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘उप्पु?’ तमिळ मला फार येत नव्हतं, पण उप्पु म्हणजे मीठ एवढं येत होतं. एका क्षणात मला विहीर दिसली, पोहरा दिसला, सगळं दिसलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरा पेला मागितला, उंच धरून एक घोट तोंडात सोडला, गिळला... आणि म्हणाल्या, ‘आमा, हो, उप्पु. उन्हाळा आहे नव्हे का? घाम जातो तसं अंगातलं मीठ जातं. मुद्दाम घालायला लावलं.’ मग हेच तमिळमध्ये, आणखी मोठ्यानं. मास्तरांनी जरा विचार केला आणि उरलेला पेला संपवला. मागे उभे असलेले रिक्षावाले आणि हमाल मात्र दोनदोनदा रांगेत आले. पातेलं इतक्या लवकर कधी रिकामं झालं नव्हतं, म्हणे.

संध्याकाळी मी परसात रडून घेतलं आणि बोलणी खायला तयार होऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पाठीला तेल चोळून घेतलं आणि म्हणाल्या, ‘उद्यापासून कोपऱ्यावरचं पाणी तू भरायचं.’ तेवढंच. बोलणी आलीच नाहीत. न आलेल्या बोलण्यांसारखं वाईट काही नाही, मी कित्येक महिने त्यांची वाट पाहत होते. पुढच्या वर्षी पाठ बरी होती, त्यांनी स्वतः गोड्या विहिरीचं पाणी आणलं, गूळ गाळला, सुंठ घातली. मग मिठाच्या बरणीत हात घालून थांबल्या. ‘ए सांगलीची, गेल्या वर्षी केवढं होतं गं?’ आता मला काय माहीत केवढं होतं! विहिरीला विचारायला हवं. आणि चाखून बघायची तर सोय नाही. आम्ही दोघी पातेल्यात डोकावत, एक चिमूट, आणखी एक चिमूट, ‘पोदुम’, नाही, अजून थोडं... असं करत बसलो. मला हसू फुटलं. त्यांनी डोळे वटारले, पण त्यांचेही खांदे हलत होते.

त्यानंतर दरवर्षी मीठ पडत गेलं. गल्लीतल्या घरांनीही ते उचललं. कुणी पानकाची तारीफ केली की आत्याबाई नुसती मान हलवायच्या. माझी चूक त्यांनी पोटात घातली हे खरं, पण चुकीबरोबर मलाही झाकून ठेवलं, असं मला वाटायचं. उपकार झाले होते, पण उपकार परक्यावरही करतात. यंदाची रामनवमी आटपून त्या नेहमीसारख्या तंजावरला भाचीकडे गेल्या, आणि मग ती तार.

परवा ती भाची, रुक्मिणी, त्यांची ट्रंक पोचवायला आली. आम्ही याआधी एकमेकींना पाहिलं नव्हतं. भर दुपारी एग्मोर स्टेशनला उतरून आलेली, चेहरा लालबुंद. मी काही न विचारता पानक केलं. एक घोट घेतला आणि ती म्हणाली, ‘हेंच तें! सांगलीचं पानक.’

मी म्हटलं, ‘काय म्हणालीस?’

‘आमच्याकडे हेंच म्हणतात की. तुमच्या लग्नानंतर मावशी पहिल्या वर्षी आली तेव्हाच सांगितलं तिनं, माझी सून सांगलीहून ही रीत घेऊन आली म्हणून. आता आमच्या वीथीत सगळी घरं असंच करतात. एकदा देवळात कुणी कुरकुरलं, पानकात मीठ कसलं, तर मावशी केवढी भांडली! म्हणाली, माझ्या सुनेच्या हातचं पिऊन बघा, मग बोला.’

मी भांड्यांच्या फळीकडे तोंड करून उभी राहिले. बारा वर्षं इकडे सांगलीची, आणि दर उन्हाळ्यात तिकडे जाऊन माझी सून... बाई गं, एकदा इकडेही म्हणायचं होतंत! डोळ्यांतलं पुसलं, आणि पुसता पुसता हसूच यायला लागलं. सांगलीत आजतागायत कुणी पानक प्यायलेलं नाही. खारटही नाही आणि गोडही नाही.

रुक्मिणी पेला हातात धरून माझ्याकडे बघत होती. ‘खरंच का वैनी, तुमच्याकडे असंच करतात?’

विहिरीची गोष्ट ओठांवर आली होती. इतकी वर्षं ती कुणाला तरी सांगायची होतीच.

‘हो,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे असंच करतात.’ आणि तिचा पेला पुन्हा भरला.