डावीकडचा उजेड

“श्वास जरा बेतानं घे बापा. अन् शिंक आली तं तोंड तिकळे कर. थे उळालं तं माहा बाप आला तरी सापळनार नाई.”

भाऊरावनं मला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. छत्तीस वर्षं लखनौत काढली गड्यानं. शिपायाशी ‘हाँ भैया, आइए भैया’ करतो, घरी पोरगी त्याला हिंदीतच उत्तर देते. पण गावचं माणूस दिसलं की त्याची दर्यापूरकडची बोली जशी नेली तशी बाहेर येते. पेटीतल्या पितळी तांब्यासारखी, चिंच लावायचीही गरज नाही.

मे महिन्याची तीस तारीख. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला आणि खोलीतला पंखा बंद. बंद म्हणजे त्याची तारच कापून टाकलेली.

“इतक्या उन्हात पंखा नाही?” मी म्हटलं.

“एका वाऱ्यात सतरा नग उळून गेले होते. त्या दिवशीच कापली तार म्या. घामानं कोनी मेलं नाई आजवर.”

ही सरकारी संस्था दगडमातीतले जुने जीव अभ्यासते. समुद्राच्या तळाचा गाळ डब्यांतून इथे येतो, चाळून धुतला जातो आणि त्यात सापडतात हे शंख. वाळूच्या कणाएवढे. भाऊराव त्यांची चित्रं काढतो. गावात तो जयंतीच्या कमानी रंगवायचा. अमरावतीला चित्रकलेची पदविका केली, पेपरातली जाहिरात पाहून अर्ज टाकला आणि लखनौच्या चारबाग स्टेशनावर ट्रंक घेऊन उतरला. तेव्हापासून हेच काम. उद्या एकतीस तारीख, नोकरीचा शेवटचा दिवस.

मी डोळा लावला. आधी नुसताच अंधार, मग त्यानं चाक फिरवलं आणि अंधारातून एक वस्तू वर आली.

काय सांगू. गावच्या वेशीबाहेर कुंभार राहायचा, त्याच्या चाकावर मी तासन्‌तास डोळे लावून बसायचो. तसली वळणं मी नंतर कुठं पाहिली नव्हती. एक बारीक गोल खोली, तिला चिकटून जरा मोठी, तिला चिकटून आणखी मोठी, अशा फिरत गेलेल्या अकरा खोल्या. भिंती काचेच्या, पण आतून दुधाचा उजेड असावा तशा. आणि भिंतीभर खड्डे. एकसारखे, ओळीनं, मधमाशीनं मोजून पाडावे तसे. मी डोळा काढून तबकडीकडे पाहिलं. तिथे एक ठिपका होता. पुन्हा डोळा लावला. तिथे राजवाडा.

“याला बांधलं कोणी?”

“त्याचं त्यानंच. ना हात, ना डोये. नुसता एक थेंब समज. पानी पिते, त्यातला चुना काढते अन् भिंत घालते. मोठं झालं का जुनं घर सोळत नाई, बाजूले नवी खोली काढते. जुन्या घराचं दार मंग आतलं दार होते.” तो थांबला. “मी छत्तीस वर्षं पाहून रायलो. रोज सकाळी पहिल्यांदा पाह्यलं का मले वाटते, हे खोटं हाय.”

वीस मिनिटं काम, मग पाच मिनिटं खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहायचं, हा त्याचा नेम. डोळे त्यावरच टिकले म्हणतो. तो लिंबाकडे पाहत होता, तेवढ्यात मी त्याच्या टेबलावरचं चित्र पाहिलं. पांढऱ्या जाड कागदावर ताटाएवढा तोच शंख. रेघ एकही नाही. सगळा टिंबांचा. खड्डा आहे तिथे टिंबं दाट, उजेड आहे तिथे विरळ. दहा खोल्या पुऱ्या, अकरावी मोठी खोली कोरी.

“हे दुसऱ्यांदा हाय,” तो म्हणाला. “पहिलं म्या उलटं काढलं.”

ती गोष्ट अशी. अंदमानच्या बाजूच्या गाळात हा शंख डॉक्टर सानिका यांना सापडला. पुण्याच्या, वयानं पस्तिशीच्या, या विभागाच्या शास्त्रज्ञ. आजवर कोणी न नोंदलेली जात, आणि अख्खा नग हा एकच. यंत्रानं फोटो निघतो, पण फोटोत एक बाजू स्पष्ट तर दुसरी काळोखात. जात नोंदवायची तर त्यांना चित्र हवंच होतं, आणि ते भाऊरावच्याच हातचं.

सूक्ष्मदर्शकाला आरशाची नळी लावली की शंख आणि हातातली पेन्सिल एकदम दिसते. त्यावरून तो पारदर्शक कागदावर आधी बाह्यरेषा घेतो. हा कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून रेषा घेतल्याबरोबर वर डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईचं एक टिंब द्यायचं. टिंब डावीकडे म्हणजे कागद सुलटा. मगच तो जाड कागदावर ठेवून उतरवायचा.

त्या दिवशी रेषा झाल्या आणि शिपाई आला. पेन्शनच्या कागदांवर आत्ताच सह्या पाहिजेत, नवराबायकोचा, म्हणजे त्याचा नि बेबीवहिनीचा, जोडीनं फोटोही पाहिजे. टिंब द्यायचं तसंच राहिलं आणि भाऊराव उठला. दीड तासानं आला. वाऱ्यानं म्हणा की कोणाच्या कोपरानं, कागद पालथा पडला होता. त्यानं त्या पालथ्या कागदाच्याच डाव्या कोपऱ्यात निळं टिंब दिलं.

“छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. अन् तेही फोटोपायी. त्या फोटोत बेबी अशी बसली हाय का मी तिचं घर लुटलं.”

बाकीची कामं सांभाळून सहा आठवडे टिंबं दिली; एका वेळी एकच खड्डा डोळ्यापुढे, अख्खं वळण पाहिलं जात नाही. बावीस तारखेला सानिका फोटो घेऊन आल्या. फोटो चित्राशेजारी धरला.

“काका, हा उजवीकडे वळतो. तुमचा डावीकडे वळलाय.”

काही जातींत याच वळणावरून त्या काळी समुद्राचं पाणी गरम होतं की थंड, ते ठरतं. चूक चालणार नव्हती. भाऊरावनं शंख पाहिला, चित्र पाहिलं, निळं टिंब पाहिलं.

“मॅडम, फोटो बरोबर हाय. चूक माही हाय.”

“अहो, मग एवढं काय? कम्प्युटरवर आरशासारखं फिरवते. दोन मिनिटं लागतील.”

त्यांनी फिरवलंही. वळण सुधारलं. भाऊरावनं ते छापायच्या पानावरच्या बाकीच्या अकरा चित्रांत ठेवायला सांगितलं. “आता खड्डे पाहा.”

त्यांच्याकडे सगळ्या चित्रांत उजेड डाव्या अंगानं पडतो. फिरवलेल्या चित्रात तो उजवीकडून आला होता. अकरा चित्रांवरून डावीकडच्या उजेडाला सरावलेला डोळा बाराव्यावर आला की तिथले खड्डे वर उठून फोड झाल्यासारखे दिसत. आणि ही जात ओळखायची ती खड्ड्यांवरूनच.

सानिका खुर्चीत बसल्या. “नऊ दिवस आहेत काका.”

“हाव.”

“आणि तुम्ही गेल्यावर हा नग इमारतीबाहेर नेता येणार नाही. तुम्हालाही इथे बसता येणार नाही.”

“म्हून तं म्हनतो, नवा कागद काढा.”

तेव्हापासून तो बाकी सगळं काम बाजूला ठेवून पहाटे सहाला येतो, सायकलीवर, तेलीबागेतल्या घरून. रविवारीही दार उघडून घेतलं. डबा घेऊन येते बेबीवहिनी. आजही आली, कोऱ्या खोलीकडे पाहून म्हणाली, “घराची भिंत रंगवाले सांगतली तं दोन वर्षं झाले. अन् मोहरीच्या टरफलाले दोनदा रंग.”

“तुह्या भिंतीले खड्डे नाईत ना,” भाऊराव म्हणाला.

“पाहाले या एकदा.”

जेवण होतंय तोच सानिका आल्या. त्यांनी फोटो चित्राशेजारी ठेवला, बोटानं वळण फिरून पाहिलं, भिंग घेऊन दहा खोल्यांचे खड्डे मोजले. तोवर भाऊरावचा घास हातातच.

“दहा बरोबर,” त्या म्हणाल्या. “काका, उद्या चार वाजता तुमचा निरोप समारंभ आहे. पाचला पुढे ढकलू?”

“चारलाच ठेवा. तीनला चित्र घेऊन जा.”

“किती खड्डे राहिलेत?”

“दोनशे चौदा.”

त्यानं हात धुतले, सदऱ्याला पुसले, मग पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसले. दिव्याची मान धरून डावीकडे वळवली. मी अजून स्टुलावरच होतो, त्या दुधाळ खोल्यांतून माझा डोळा निघत नव्हता.

“उठ आता,” तो म्हणाला. “माही जागा सोळ.”

मी उठलो. भाऊरावनं एकदा शंखात पाहिलं, मान वर केली, आणि अकराव्या खोलीत पहिलं टिंब दिलं.